दोरीचं खालचं टोक

“जेवला काय?”

“हो, मामा.”

“झोप झाली?”

“झाली.”

“निघताना कोणाशी बोलून निघाला?”

“बायकोशी. म्हणाली, येताना मीठ आणजा.”

उकंडाजी मामांनी मान हलवली आणि ते पुढच्या माणसाकडे, दौलतकडे वळले. माझ्या मागे रफिक उभा होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सुखदेवभाऊ, किती दिवस झाले, मीठच चाललं तुमच्या घरी. सैपाक करता का लोणचं घालता?”

मी हसल्यासारखं केलं. ते मला तेव्हा चांगलं जमायचं.

आम्ही विजेच्या मोठ्या लाईनवरची माणसं. गावातल्या खांबांवर चढणारी नव्हे. शेतांमधून जे उंच लोखंडी टॉवर तारा खांद्यावर घेऊन ओळीने जातात, त्यांच्यावर चढणारी. मार्च महिना होता. उन्हाळ्याचा भार वाढण्याआधी दुरुस्ती उरकायची म्हणून रोज सकाळी आम्हाला लाईन बंद करून मिळे आणि दुपारी चारच्या आत ती परत द्यावी लागे. अकोल्याकडच्या काळ्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते आणि मधूनमधून नांगरट चालू होती.

उकंडाजी तायडे आमच्या गँगचे मुकादम. पंचावन्नच्या पुढचे, बाभळीच्या खोडासारखे काळे आणि काटक. सगळे त्यांना मामा म्हणत. वर जाणाऱ्या प्रत्येकाला ते टॉवरच्या पायाशी उभं करून हे तीन प्रश्न विचारत. वीज बोर्डाच्या कुठल्या पुस्तकात ही रीत नव्हती, ती मामांची होती. एखाद्याचं उत्तर त्यांना पटलं नाही तर त्याला त्या दिवशी ते दोरीवर ठेवत, म्हणजे खाली राहून वरच्यांना कप्पीवरून सामान चढवून द्यायचं. त्याला कोणी कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. हा नियमही मामांचाच.

पहिले दोन प्रश्न आम्हाला कळत. उपाशी माणसाला वर चक्कर येते, न झोपलेल्याचा पाय चुकतो. तिसरा कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. दौलत म्हणायचा, घरी भांडून आलेला माणूस त्यांना ओळखता यावा म्हणून. रफिक म्हणायचा, मामाची बायको वारली, म्हणून दुसऱ्याच्या बायका काय बोलतात ते ऐकायची त्यांना हौस. मामांना कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी आपापलं एक उत्तर तयार ठेवलं होतं. माझं मीठ होतं.

त्या सकाळी मी बायकोशी बोललो नव्हतो. तिच्याशी धड बोलून बरेच दिवस झाले होते.

होळीच्या आधीपासून मला काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते आज सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. घरात कोणी मेलं नव्हतं, भाऊबंदांशी वाद नव्हता, नोकरी पक्की होती, मुलगी चंदी नुकतीच शाळेत जायला लागली होती. तरी सकाळी डोळे उघडले की छातीवर भिजलेल्या सरकीचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. भाकरीला चव नव्हती. चंदी काही सांगायला लागली की तिचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द उशिरा पोहोचायचे. मग त्यांना उत्तर द्यायचं म्हणजे खोल विहिरीतून भरलेला पोहरा ओढण्यासारखं. मी अर्ध्यावरच दोर सोडून द्यायचो.

कामावर मात्र हात चालत. हातांना काम येत होतं, त्यांना माझी गरज नव्हती.

त्या दिवशी वर मी आणि दौलत होतो, दोरीवर रफिक. टॉवरच्या अंगावरून त्याच्या आडव्या हातावर सरकताना कमरपट्ट्याचा हूक काढावा लागे आणि टोकाशी गेल्यावर पुन्हा लोखंडात अडकवावा लागे. तेवढ्या अंतरापुरता माणूस कशालाच बांधलेला नसे. म्हणून हूक अडकवला की वरच्याने ओरडायचं, “लागला!” आणि दोरीवरच्याने उत्तर द्यायचं, “ऐकलं!” ते उत्तर आल्याशिवाय वरच्याने काम सुरू करायचं नाही.

मी टोकाशी जाऊन बसलो. “लागला!” म्हणालो. खालून रफिकचं “ऐकलं!” आलं. मी पाना काढून नट कसायला लागलो. किती वेळ कसत होतो कोण जाणे. वाऱ्याने काहीतरी मांडीवर आपटलं म्हणून पाहिलं, तर माझाच हूक. पट्ट्याच्या दोरीला मोकळा लोंबत होता.

अशा वेळी माणसाला दरदरून घाम फुटतो. मला काहीच झालं नाही. मी हुकाकडे पाहिलं, मग त्याच्या पलीकडे, खाली पाहिलं. ताजी नांगरट होती. ती फार लांब वाटत नव्हती आणि मऊ वाटत होती. तिथे कोणाला काही उत्तर द्यावं लागणार नाही, असं मनात आलं. त्यात रडू नव्हतं की राग नव्हता. दिवसभर राबलेल्या माणसाला अंगणात टाकलेली बाज दिसावी, तसं ते होतं.

“सुखदेवभाऊ,” खालून रफिक ओरडला, “मोठा पाना पाठवू का मधला?”

विचारलं म्हणून उत्तर द्यायला हवं होतं. “मधला,” मी म्हणालो. तोंडातून शब्द निघाला आणि त्याच्यामागे हात हुकाकडे गेला. मी हूक अडकवला. या वेळी “लागला” म्हणालो नाही. ते मी आधीच म्हणून बसलो होतो.

खाली उतरल्यावर मी काड्या ओढत राहिलो. बिडी पेटेना. रफिकने पेटवून दिली आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

संध्याकाळी गोकर्णा चुलीपुढे बसली होती. मी भिंतीला टेकून बसलो.

“आज काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही, काही नाही. महिना झाला, या घरात आपण काही नाहीच जेवून राहिलो.” तिने भाकरी उलटवली. “महाराजाचा अंगारा लावला, त्यानं काही झालं नाही. तुमच्या आईनं नजर काढली, तिनं काही झालं नाही. मी बोलते ते तुमच्यापरीस त्या भिंतीले जास्त ऐकू येत असन.”

“थकवा हाय.”

“थकवा झोपला की जाते. हे जात नाही.” ती थांबली. “मामाले सांगा.”

“काय सांगू? मलेच माहीत नाही काय झालं ते.”

“मग तेच सांगा.”

“गँगमधून काढतील. येडा म्हणतील. उद्या शाळेत चंदीले म्हणतील, येड्याची पोरगी.”

गोकर्णाने तव्यावरची भाकरी काढली, ताटात ठेवली, ताट माझ्यापुढे सरकवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “येड्याची तर येड्याची. बिनबापाची नको.”

मी तिला हुकाचं काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं काम मोठं होतं. नदीकाठच्या टॉवरवर तार ज्या चिनी मातीच्या थाळ्यांच्या माळेला टांगलेली असते, त्या माळेतल्या थाळ्या फुटल्या होत्या. सगळी माळ उतरवून नवी चढवायची होती. त्या लाईनवर तालुक्याचं पाणी आणि सरकारी दवाखाना होता, म्हणून इंजिनिअर कुलथे साहेब स्वतः जीप घेऊन आले होते. साहेब वयाने लहान, नुकतेच बदलून आलेले, सारखे घड्याळाकडे पाहणारे. आमच्यातले दोघे लग्नासाठी रजेवर होते. ओढायला गावातले गडी घेतले होते, पण वर तीन माणसं गँगचीच हवी होती. दोघं टोकाशी आणि एक टॉवरच्या अंगाशी, सामान पुढे सरकवायला. मी, रफिक आणि दौलत. चौथा कोणी नव्हताच.

लाईन बंद झाल्याचा निरोप आला. तारा जमिनीशी जोडून अर्थिंग करून झालं. मामा आमच्यापुढे येऊन उभे राहिले. दौलत झाला, रफिक झाला.

“जेवला काय?” मामांनी मला विचारलं.

“थोडं.”

“झोप झाली?”

“नाही.”

मामांची नजर माझ्यावर थांबली. “निघताना कोणाशी बोलून निघाला?”

मीठ जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर मामांनी नेहमीसारखी मान हलवली असती की नाही, मला माहीत नाही. पण म्हणणं सोपं होतं. सकाळी गोकर्णा पाण्याला गेलेली पाहून मी गुपचूप डबा उचलून निघालो होतो.

“कोणाशीच नाही,” मी म्हणालो. “बऱ्याच दिवसांत नाही.”

“मग मीठ कोण सांगते आणायले?” रफिकच्या तोंडून निघून गेलं. कोणी हसलं नाही. रफिकने मान खाली घातली.

मामांनी हात पुढे केला. “पट्टा दे. दोरी धर.”

मी पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला. कुलथे साहेब जीपपासून आमच्याकडे आले.

“काय झालं? यांना ताप आहे का?”

“नाही, साहेब,” मामा म्हणाले.

“मग पट्टा का काढला?”

“तो आज वर जाणार नाही.”

“कारण काय?”

“कारण त्यालेही माहीत नाही.”

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. ते ओरडले नाहीत. “तायडे, चार वाजता लाईन परत द्यायची आहे. दवाखान्याचं जनरेटर किती वेळ चालेल त्याचा भरवसा नाही. माणसं मोजून तीन. मी आता सबस्टेशनला काय सांगू, तुमचा माणूस डबा खाऊन आला पण बोलून आला नाही?”

मी जमिनीकडे पाहत होतो. साहेबांचं चुकत नव्हतं, हे मला कळत होतं. आपल्यामुळे सगळं अडलं, हेही कळत होतं. छातीवरचं पोतं आणखी जड झालं. पट्टा परत मागावा असं वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, “काही सांगू नका, साहेब. तिसरा मी जातो.”

ते बऱ्याच वर्षांत वर गेले नव्हते. त्यांनी माझा पट्टा कमरेला लावला. तो त्यांना सैल होत होता, त्यांनी शेवटच्या भोकात अडकवला. गडी दोरीपाशी गेले. दोरीचं शेवटचं टोक, ज्याच्या हातात वरच्यांचा जीव असतो ते, माझ्या हातात आलं. मामांनी टॉवरच्या पहिल्या बोल्टवर पाय ठेवला.

आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना कोणी विचारलं नाही.

“मामा,” मी म्हणालो, “जेवले काय?”

त्यांनी मान वळवली. “मुकादमाले विचारत नसतात.”

“वर जाणाऱ्याले विचारतात.”

दौलत म्हणाला, “सुखदेवा, गप बैस ना बाबा.” पण रफिक म्हणाला, “खरं हाय, मामा. नियम तुमचाच हाय.”

मामा एक पाय बोल्टवर, एक जमिनीवर, तसेच उभे राहिले. “जेवलो. शिळी भाकर होती.”

“झोप झाली?”

“म्हाताऱ्याची झोप ते काय. झाली.”

“निघताना कोणाशी बोलून निघाले?”

“कुत्र्याशी,” मामा म्हणाले.

सगळे हसले. साहेबांनाही हसू आलं. मामाही हसले आणि त्यांनी वरच्या बोल्टला हात घातला. मग तो हात तिथेच राहिला. त्यांच्या पाठीकडे पाहत आम्ही थांबलो. वारा नव्हता. नदीकडून धोब्याच्या कपडे आपटण्याचा आवाज येत होता.

मामांनी पाय खाली घेतला.

“कुत्रं तर दिवाळीतच मेलं,” ते म्हणाले.

मामांनी पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि दगडावर ठेवला. मग ते साहेबांपुढे गेले. “साहेब, मीही नाही जात. माझ्यावर जे लिहायचं ते लिहा. वर दोघंच जातील. हळू होईल, पण धड होईल.”

साहेबांनी मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. ते जीपकडे गेले आणि वायरलेसवर बराच वेळ बोलले. परत येऊन म्हणाले, “अंधार पडायच्या आत जमवा. जनरेटरला डिझेल पाठवायला सांगितलंय.”

“म्हणजे वर दोघं अन् दोरीवर दोघं,” रफिक पट्टा आवळत म्हणाला. “आज दोरीच जास्त मजबूत हाय.”

ते दोघं वर गेले. “लागला!” आलं. मामांनी आणि मी एकदमच उत्तर दिलं.

काम हळूच झालं. रफिक टोकापासून अंगापर्यंत पुन्हा पुन्हा ये-जा करत होता, तिसऱ्याचं कामही तोच करत होता. जुनी माळ उतरवायला दुपार झाली. आम्ही दोघं टॉवरच्या पायाला दोरीचा वेढा देऊन एकामागे एक बसलो होतो. गडी पुढे ओढत, आम्ही मागे धरून ठेवत होतो. दोरीवर बसलेल्या माणसांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळ्यांची नजर वर असते.

“सोनाजीचा पट्टा तुटला नव्हता,” मामा माझ्या मागून म्हणाले.

सोनाजीचं नाव आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. खूप वर्षांपूर्वी मामांच्या जोडीला चढणारा माणूस. पट्टा तुटून पडला, असं गँगमध्ये सांगत.

“सगळे म्हणतात तुटला. मी त्याले उचललं होतं. पट्टा धड होता अन् हूकही धड होता.” दोरी ताणली गेली, आम्ही दोघांनी पाय रोवले. मग ती पुन्हा सैल झाली. “पंधरा दिवस तो गप्प होता. मले वाटलं, असते एखादा माणूस गप्प. काय विचारावं तेच समजत नव्हतं, म्हणून काही विचारलं नाही. पुढे मुकादम झालो तेव्हा ठरवलं, विचारायचं. पण माणसाले एकदम कसं विचारणार, तू घरी कोणाशी बोलतो का नाही? तो म्हणेल, तुले काय करायचं. म्हणून जेवण अन् झोप पुढे लावली.”

“म्हणजे ते दोन उगाच?”

“उगाच नाही. पण विचारायचं हे होतं.” त्यांनी दोरीवरची पकड बदलली. “अन् मंग तुम्ही सगळे हुशार झाले. मीठ म्हणता, मिरची म्हणता. मीही ऐकून घ्यायले लागलो. आता घरी गेलो की दार उघडतो, दिवा लावतो, अन् मले समजत नाही का लावला. तीन वर्षं झाली बाई जाऊन. मले कोण विचारते?”

वरून रफिक ओरडला, “ढील द्या!” आम्ही ढील दिली.

नव्या माळेतल्या थाळ्या उन्हात चमकत वर चालल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहत होतो. मागे वळून बोलावं लागलं असतं तर मी बोललो नसतो.

“मामा, काल मी ‘लागला’ म्हणालो, तेव्हा हूक लागला नव्हता.”

मी पाय पुन्हा रोवले.

“मग तो मले दिसला. तरी मी लगेच लावला नाही.”

दोरी आमच्या दोघांच्या हातांतून हळूहळू सरकत होती. माझ्या हातांमागे अगदी जवळ मामांचे हात होते. ते घट्ट झाल्याचं मला दोरीतून कळलं.

“ऐकलं,” मामा म्हणाले.

एवढंच म्हणाले. वर माळ टोकाशी पोहोचली होती आणि दौलत तिला मिठी मारून जागेवर बसवत होता.

लाईन परत दिली तेव्हा सूर्य टेकला होता. जीपमध्ये मामा पुढे बसले, आम्ही मागे. आम्ही गावाच्या फाट्यावर उतरत असताना कुलथे साहेब म्हणाले, “तायडे, उशीर माझ्या नियोजनामुळे झाला, असं मी कळवलंय. तुम्ही कोणाला काही सांगू नका.” मग गाडीचं चाक धरून, समोर पाहत म्हणाले, “अकोल्यात एक डॉक्टर आहेत. माझी मोठी बहीण जाते त्यांच्याकडे. कारण तिलाही माहीत नव्हतं.”

त्या आठवड्यात आम्ही अकोल्याला गेलो. मामा म्हणाले होते, “तू एकटा घाबरशील, मी येतो सोबत.” मी गोकर्णाला सांगून निघालो होतो की मामांची तब्येत बरी नाही, त्यांना दाखवून आणतो. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं असे बसलो होतो की कोणालाही वाटावं, हे दुसऱ्या कोणाला तरी घेऊन आलेत. बाजूला एक बाई डोक्यावरचा पदर दातात धरून बसली होती. तिच्याकडे पाहून मामा मला हळूच म्हणाले, “इथं तर चांगली माणसं दिसतात.”

आत बोलावलं तेव्हा दोघंही उठलो. डॉक्टर बाई होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या.

“पेशंट कोण?” त्यांनी विचारलं.

“हा,” मामा म्हणाले.

“हे,” मी म्हणालो.

डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या नर्सला म्हणाल्या, “दोन केसपेपर काढा. आणि बाहेरची एक खुर्ची आत आणा.”

त्या आजाराला नाव आहे, तो पुष्कळांना होतो, शरीराच्या दुखण्यासारखाच असतो आणि त्याला औषध आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. तोंड कोरडं पडायचं, दुपारी झापड यायची. डॉक्टर बाई म्हणायच्या, थांबा, सोडू नका. मी खरं सांगून टाकल्यापासून गोकर्णा समोर उभी राहून गोळी घ्यायला लावायची. मामांची गोळीही तिनेच ताब्यात घेतली. कारण ते म्हणाले, घरी गेल्यावर आपल्याला आठवतच नाही. त्यामुळे ते संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. गोळी उपाशी पोटी घ्यायची नाही, म्हणून मग जेवायलाही. पहिल्या दिवशी त्यांनी एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. गोकर्णा घाबरली. मामा म्हणाले, “काही नाही, बाई. तुझं तिखट फार हाय.”

उन्हाळा, पावसाळा मी दोरीवर काढला. गँगमध्ये मला कोणी काही म्हणालं नाही. गावात काही लोक म्हणाले. ते ऐकू यायचं, त्याने दुखायचंही. पण दुखायला लागलं म्हणजे काहीतरी जागं झालं, असं डॉक्टर बाई म्हणायच्या.

वरचे कामात असले की खाली वेळच वेळ असे. प्रत्येक टॉवरवर कवटीचं चित्र असलेली लाल पाटी असते. चित्र मला वाचता येत होतं, त्याखालची अक्षरं नाही. तोपर्यंत पगाराच्या कागदावर मी अंगठाच उठवत होतो. मामांनी खडूने टॉवरच्या पायावर ती अक्षरं एकेक करून काढली. बाकीची माणसं गणपतीच्या ग पासून सुरुवात करतात, मी धोक्याच्या ध पासून केली.

“मोठ्यानं वाच,” मामा म्हणायचे. “मनातलं मले ऐकू येत नाही.”

तो आजार नंतरच्या वर्षांत दोनदा परत आला. पण तेव्हा मी त्याला चालीवरून ओळखलं आणि घरात सांगितलं.

त्या वर्षी कापूस फुटायला लागला तेव्हा डॉक्टर बाईंनी मला वर जायची परवानगी दिली. त्या सकाळी रानात बाया वेचणीला आल्या होत्या. मामा पुढे येऊन उभे राहिले.

“जेवला काय?”

“दोन भाकरी.”

“झोप झाली?”

“कोंबडा ऐकू आला नाही.”

“निघताना कोणाशी बोलून निघाला?”

“गोकर्णाशी. म्हणाली, मामाचा डबा वेगळा हाय, अदलाबदल करू नका. त्याइले तिखट चालत नाही.”

रफिकने आभाळाकडे हात केले. “सुटलो बा मिठातून.”

मामांनी पट्टा माझ्या हातात दिला. मी तो कमरेला लावला आणि तिथेच उभा राहिलो.

“आता तुम्ही,” मी म्हणालो.

“मी कुठं वर चाललो?”

“दोरी धरणाऱ्यालेही विचारायचं ठरलं हाय.”

“कोणी ठरवलं?”

“आम्ही,” दौलत म्हणाला.

मामांनी नाक ओढलं. “जेवलो. झोपलो. अन् निघताना तुझ्या दारात चंदीशी बोललो. मले म्हणे, आबा, तुम्ही माझ्या बाबाले चुकीचं शिकवलं. शाळेत ध धनुष्याचा हाय.”

मी चढलो. लोखंड गार होतं, दव होतं त्यावर. आडव्या हाताच्या टोकाशी गेलो, बसलो, हूक लोखंडात अडकवला. खट् असा आवाज झाला. इतकी वर्षं तो होत असणारच. मी हूक ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. खाली काळं रान होतं, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं आणि खूप लांब. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. मला भीती वाटत होती.

“लागला!” मी ओरडलो.

खालून लगेच उत्तर आलं नाही. मामा दोरी हातात धरून, दुसऱ्या हाताने डोळ्यांवरचं ऊन अडवून, माझ्या कमरेकडे पाहत होते. मी पट्ट्याची दोरी हाताने उचलून त्यांना दाखवली. पाना खिशातच ठेवून थांबलो.

“ऐकलं!” मामा म्हणाले.